दगडी झाली, पण कुणाला?

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आणि साठलेलं वेळेवर बाहेर निघालं नाही की त्याची गाठ होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून मोकळं व्हावं.

आधी आमचा मुक्काम सांगते, म्हणजे गोंधळ कुठून सुरू झाला ते कळेल. ताडकळसच्या अलीकडं एका गावात जनावरांचा दवाखाना आहे आणि त्याच्या आवारातच आमचं क्वार्टर. माझे मिस्टर, माधव, तिथले डॉक्टर. मी परभणीची. शाळेत भूगोल शिकवते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. माहेरून छकुलीला घेऊन क्वार्टरवर परत आले, तेव्हा मदतीला सासूबाई आल्या. त्या देवगाव फाट्याजवळच्या खेड्यातल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आणि दवाखान्यात गफूरचाचा. जनावर धरणं, पट्टी बांधणं, फोन उचलणं, सगळा कारभार चाचांचा.

माझ्या खोलीच्या खिडकीपलीकडंच खोडा, म्हणजे जनावर अडकवायची लोखंडी चौकट. त्यामुळं मिस्टरांची वाक्यं दिवसभर कानावर. सगळ्यात जास्त एकच वाक्य: "दगडी झालीय. त्या सडाचं दूध पिळून टाका, वासराला पाजू नका." दगडी म्हणजे म्हशीची कास सुजते आणि दगडासारखी घट्ट होते, तो आजार; सड म्हणजे कासेचं आचळ. मी छकुलीला मांडीवर घेऊन हे ऐकायची आणि म्हणायची, बिचारी म्हैस!

*

पहिला किस्सा खाण्याचा.

बाळंतिणीला दूध भरपूर आलं पाहिजे, यावर माझी आई आणि आत्याबाई यांचं एकमत. एरवी त्यांचं एकमत फक्त माझं चुकलं यावर होतं. आईनं परभणीहून अळिवाच्या लाडवांचा डबा पाठवला. आत्याबाईंना तो आव्हान वाटला. त्यांनी खसखशीची खीर सुरू केली, वर शतावरी, वर शेपूची भाजी, वर डिंकाचे लाडू. मी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "तुझ्यासाठी न्हाई, लेकरासाठी खा." मग मी खायची.

दूध इतकं आलं, इतकं आलं की छकुली दोन घोट घ्यायची, ठसकायची आणि तोंड फिरवून झोपून जायची. माझे पदर, ब्लाऊज, उशी, सगळं ओलं. मिस्टर कौतुकानं बघत म्हणाले, "खुराक वाढवला की दूध वाढतंच!"

माझं डोकं फिरलं. "मग सरकी पेंड तेवढी राहिलीय, ती पण घाला!"

तर त्यांनी खरंच विचार केला हो. म्हणाले, "नको. सवय नसताना दिली की पोट फुगतं."

*

एके सकाळी डाव्या बाजूला गाठ लागली. सुपारीएवढी. हात लावला की कळ यायची.

गाठ म्हटल्यावर माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही, तुमच्याही मनात तेच आलं असतं. आईला फोन केला. ती म्हणाली, "दूध गोठलंय, शेक दे." आत्याबाईंना दाखवली. त्यांनी बोटानं नुसतं चाचपलं आणि निकाल दिला, "दगडी हाय ही."

"अहो आत्याबाई, दगडी म्हशीला होते!"

"मंग म्हशीला काय दूध नसतंय? जिथं दूध, तिथं दगडी."

 मी मोबाइल घेतला आणि सरळ मराठीत लिहिलं, "दगडी झाल्यास काय करावे." मोबाइलनं मला दगडी कोळशाचे प्रकार, उपयोग आणि भारतातले साठे अशी सगळी माहिती दिली. हा धडा मी नववीला दरवर्षी शिकवते!

*

आता सुरू झालं शेकाचं प्रकरण.

आत्याबाई म्हणाल्या, तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीनं शेक. माझी पुण्याची मैत्रीण म्हणाली, अजिबात नाही, गार ठेव, पत्तागोबीची पानं फ्रिजमध्ये ठेवून लाव. आई म्हणाली, तेल लावून चांगली रगडून काढ, गाठ फुटली पाहिजे. मिस्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "मोठी आहे की लहान, त्यावर आहे."

"काय मोठी आहे की लहान?"

"म्हैस," ते म्हणाले आणि जीभ चावली.

मी दिवसभर गरम, गार, गरम, गार करत होते. सकाळी शेक, दुपारी पत्तागोबी, मध्येच आईचा फोन आला की रगडणं. गाठ काही फुटेना, उलट सुपारीचं लिंबू झालं आणि त्यावरची कातडी लाल दिसायला लागली. कुणाचं ऐकावं हे कळत नव्हतं, आणि ऐकलं नाही तर आपलंच चुकेल अशी भीती. छकुली त्या बाजूला घेतली की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. तरी मी घेत होते. मला दुसरं काही नको होतं. माझ्या लेकरानं माझ्या अंगावर प्यावं, एवढंच. ते तुटेल की काय, ही धास्ती दुखण्यापेक्षा मोठी होती.

त्याच दुपारी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. मी पान बदलत होते. आत्याबाईंनी त्यांना दारातच थोपवलं आणि दबक्या आवाजात समजावलं, "आमची सून शहरातली हाय. तिकडं ब्लाऊजमधी भाजी ठिवायची पद्धत हाय म्हनं."

*

हा किस्सा चाचांचा, आणि आत्याबाईंच्या लाजेचा.

दुसऱ्या दिवशी मिस्टर सकाळीच एका वस्तीवर गेले. गाय अडली होती. इकडं दुपारी मला हुडहुडी भरली. अंग तापलं, सांधे दुखायला लागले, गाठ नुसती ठणकत होती. आत्याबाई घाबरल्या. त्यांच्या फोनमधला बॅलन्स संपलेला, माझा फोन कुठं ठेवलाय ते मला तापात सांगता येईना. त्या तशाच डोक्यावरून पदर घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर गेल्या.

आता चाचांसारख्या वडीलधाऱ्या माणसाला "सुनेच्या छातीत गाठ झालीय" असं तोंडानं कसं सांगायचं? आत्याबाईंनी भिंतीकडं बघत एवढंच सांगितलं, "माधवला फोन लावा. म्हणावं, दगडी झालीय. ताप बी हाय. तेवढंच सांगा, त्याला कळतंय."

चाचांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. आत्याबाई लाजून लांब, माझ्या खिडकीशी उभ्या, त्यांचा आवाज फोनपर्यंत जाईना. खिडकी उघडी होती, त्यामुळं पांघरुणात कुडकुडत मी हे सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, तापात वाटलं की खोड्यातल्या कुठल्यातरी जनावराचं चाललंय.

"साब, दगडी की केस हाय. ताप बी हाय."

"कितवं वेत?"

वेत म्हणजे जनावराचं बाळंतपण. चाचांनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "पैलंच हाय म्हणावं."

"पहिलारू हाय, साब."

"कोणत्या सडात?"

"डाव्या अंगाला म्हणावं," आत्याबाई.

"डावं, साब."

"पुढचं का मागचं?"

आत्याबाई जरा गोंधळल्या. मग ठसक्यात म्हणाल्या, "पुढचंच की! मागं कुठलं असतंय?"

"पुढचं, साब."

"चारापाणी?"

"कालपासनं खाणं तुटलंय म्हणावं."

"हात लावू देते का?"

"कशाचं! हात लावला की अंगावर येती!"

हे मात्र खरं होतं.

"मग आधी दोरी लावून पाय बांधा," मिस्टर म्हणाले. "त्या सडाचं दूध सगळं पिळून टाका. पिलाला त्या बाजूचं अजिबात पाजू नका, दूध खराब असतं. आणि सकाळी टेम्पोत घालून दवाखान्यात घेऊन या."

फोन बंद झाला. आत्याबाई आत आल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माधवनं सांगितलंय, त्या अंगाचं लेकराला पाजायचं न्हाई. खराब हाय."

मी रडले. छकुलीचं तोंड त्या बाजूला जायचं आणि आत्याबाई हलकेच तिला दुसऱ्या बाजूला वळवायच्या. दूध पिळायला गेलं तर येत नव्हतं, नुसत्या कळा. लेकरू अर्धपोटी रडतंय, इकडं दूध साठून अंग फुटायला आलंय आणि पाजायचं नाही! असा उलटा कायदा कुणी केला असेल, ते कळेना. पण डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर बोलणार कुणाला?

पाय बांधायचं मात्र आत्याबाई मला बोलल्या नाहीत. फक्त दाराआड एक दोरी आणून ठेवलेली मला दिसली.

संध्याकाळी मिस्टर आले. हातपाय धूत ओसरीवरूनच विचारलं, "चाचा, ती दगडीची म्हैस कुणाची होती?"

"मालूम नहीं, साब. माँजी को पूछो."

मिस्टर आत आले. आधी त्यांना दोरी दिसली, मग मी. चेहऱ्यावरचा रंगच उडाला बिचाऱ्यांच्या. म्हणाले, "अगं... तूच का ती?"

*

सकाळी आम्ही परभणीला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात. टेम्पोत नाही, आपल्याच गाडीत.

बाईंनी तपासलं आणि कपाळाला आठी घातली. "दूध साठून नळी तुंबली होती, आता सूज आलीय. या बाजूनं पाजणं बंद केलंत का?"

"कालपासून," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

आत्याबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "डॉक्टरनं!"

"कोणत्या डॉक्टरनं?"

आत्याबाईंनी मिस्टरांकडं बोट केलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात? स्त्रीरोगतज्ज्ञ?"

"नाही," मिस्टर खाली बघत म्हणाले, "माझे पेशंट जरा मोठे असतात."

बाईंना सगळी हकिगत सांगितल्यावर त्या हसल्या, पण नंतर चांगलंच झापलं. म्हशीचा नियम म्हशीला. इथं दूध खराब होत नाही, बाळाला बाधत नाही, उलट पाजणं एकदम थांबवलं की सूज वाढते आणि पू धरतो. तसं झालं तर सुई घालून काढावा लागेल. रगडणं बंद, पिळून रिकामं करायचा हट्ट बंद, लाडूसुद्धा कमी. मग मिस्टरांकडं वळून एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "पाजत राहा. रगडू नका. गार पट्टी ठेवा. कपडे सैल घाला. आराम. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि ताप उतरला नाही तर उद्याच परत या."

मिस्टर येताना गाडी चालवत पुटपुटत होते, "पाजत राहा, रगडू नका, गार पट्टी, सैल कपडे, आराम." पूर्णा रोडला एक बस अंगावर आली तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडात तेच होतं.

*

गोळ्यांनी ताप उतरला. पण आता छकुलीच रुसली. डाव्या बाजूला तोंड लावायची, एक घोट घ्यायची आणि असं काही तोंड करायची की जणू मी तिला कारलं दिलंय! बाईंनी सांगितलं होतं की सुजेमुळं दूध थोडं खारट लागतं, पण मनाला ते पटत नव्हतं. माझ्याच लेकरानं मला नापास केलं असं वाटायचं.

 एका दुपारी आत्याबाईंनी पट्टी गार करून आणली आणि त्या माझ्याजवळ बसल्या.

"मला बी झालती दगडी," त्या म्हणाल्या. "माधवच्या वक्ताला. सासूनं लेकरू काढून घेतलं अंगावरचं. म्हनली, नासकं दूध हाय. मंग ते परत कवा लागलंच न्हाई. मला कुणी इचारलं बी न्हाई." त्यांनी पट्टी नीट बसवली. "त्या दिशी माधव पाजू नगा म्हनला, तवा वाटलं, खरंच नासकं असतंय. इतकी वर्सं तेच धरून बसले होते मी."

 मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो लगेच सोडवून घेतला. लाड करून घ्यायची सवय नाही त्यांना.

"मग हे कशावर वाढले?" मी विचारलं.

"बकरीच्या दुधावर."

तरीच! मी म्हणाले, भांडताना यांचा आवाज असा का निघतो ते आता कळलं!

आत्याबाई इतक्या हसल्या की पट्टी खाली पडली.

*

आता शेवटचा.

त्या दिवशी खोड्यात ज्ञानोबाची म्हैस होती. ज्ञानोबा हा जवळच्याच वस्तीवरचा शेतकरी, साहेबांचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. म्हशीला झाली होती दगडीच! मिस्टरांनी सडात औषध सोडलं, इंजेक्शन दिलं आणि हात धुवायला आत आले.

आत मी छकुलीला डाव्या बाजूला घेऊन बसले होते, विसाव्यांदा की पन्नासाव्यांदा ते विचारू नका. आत्याबाईंनी सांगितलं होतं की अर्धवट झोपेत घे, म्हणजे चवीकडं लक्ष जाणार नाही. छकुलीनं तोंड लावलं. एक घोट. तिनं भुवया आवळल्या. मी श्वास रोखला. आत्याबाईंनी हात जोडले. मिस्टर ओल्या हातांनी दारातच थांबले.

दुसरा घोट घेतला. मग तिसरा. आणि मग ती थांबलीच नाही. घट, घट, घट! इवलासा गळा हलत होता आणि आवाज अख्ख्या खोलीत ऐकू येत होता. माझ्या गाठीतून कुणीतरी दोरा सोडवत नेतंय असं वाटत होतं. मी रडत होते, आत्याबाई रडत होत्या, आणि मिस्टर दाराची चौकट धरून लहान पोरासारखे रडत होते.

तेवढ्यात बाहेरून ज्ञानोबानं हाक मारली, "साहेब, इंजेक्शन झालं. पर घरी काय काळजी घिऊ?"

मिस्टर डोळे पुसत ओसरीवर गेले.  आतून छकुलीचा घट घट आवाज चालूच. त्यांनी ज्ञानोबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाजत राहा, ज्ञानोबा! रगडू नका. गार पट्टी ठेवा. कपडे सैल घाला. आणि आराम करू द्या तिला."

ज्ञानोबानं एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा साहेबांच्या ओल्या डोळ्यांकडं. "जी, साहेब," म्हणाला आणि म्हैस घेऊन गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी छकुलीला घेऊन ओसरीवर ऊन खात बसले होते. माझी गाठ विरली होती, छकुली दोन्हीकडं सारखीच तुटून पडत होती. आत्याबाई दारात लसूण सोलत होत्या. समोरून ज्ञानोबा आला. मागं म्हैस. चाचांच्या हातातली बादली खाली पडली.

म्हशीच्या अंगावर मोठ्या फुलांचं जुनं लुगडं होतं. पाठीवरून घेऊन पोटाखाली गाठ मारलेलं. म्हैस मजेत रवंथ करत होती.

ज्ञानोबानं मिस्टरांना नमस्कार केला. "लय गुण आला बघा, साहेब. तुमी सांगितलं तसं समदं केलं. घरची मंडळी रुसून बसलीय, पर म्या म्हनलं, साहेबाचा शबूद हाय." मग लुगड्याच्या गाठीत दोन बोटं घालून अदबीनं म्हणाला, "तेवढं सैल हाय का, बघून द्या जरा."